पद्मिनीचा अल्टरनेटर: नवा घेऊ, भरून घेऊ की मारुतीचा बसवू? (सोलापूर)

पद्मिनी_एमएच१३
१७ मे, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी,

वडिलांची १९९१ ची प्रीमियर पद्मिनी आमच्या दारात आहे. १०८९ सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी, पुढची सीट सलग. रोजची गाडी नाही, रविवारी आणि सणावाराला निघते. वालचंद हिराचंद यांचा जन्म सोलापूरचा, १८८२ चा. प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये त्यांनीच काढली. कारखाना मुंबईत कुर्ल्याला असला तरी माणूस आपल्या गावचा, म्हणून गाडीही आपल्या गावची, असं वडील मानतात. ते आता ऐंशीला आलेत. गाडी चालवत नाहीत, पण दर रविवारी बॉनेट उघडून पाण्याची पातळी तेच बघतात.

गेल्या रविवारी आईवडिलांना घेऊन पंढरपूरला गेलो होतो. परत निघायला अंधार झाला. मोहोळ सोडलं आणि हेडलाइट पिवळे पडायला लागले. हॉर्न दाबला तर दिवे आणखी मंद. सावळेश्वरच्या टोलनाक्यापर्यंत समोरचा रस्ता दिसेनासा झाला. नाक्याच्या उजेडात गाडी बाजूला घेतली, वायपर, पंखा, आतला दिवा सगळं बंद केलं आणि एका मालट्रकच्या मागं मागं कसंबसं घर गाठलं. आई मागच्या सीटवर नामस्मरण करत होती. तिला पुन्हा असा प्रवास घडू द्यायचा नाही, म्हणून हा धागा.

चौदा महिन्यांत दोन बॅटऱ्या बदलल्या आहेत. दोन्ही वेळा दुकानात "बॅटरी गेली" एवढंच सांगितलं, मीटर कुणी लावलाच नाही. आता दुसरे एक मेकॅनिक म्हणतात, अल्टरनेटर (इंजिनाच्या बेल्टवर फिरून बॅटरी भरतो तो) भंगारात टाका, मारुती ८०० चा बसवून देतो. वडिलांना गाडीतलं मूळ सामान जाऊ द्यायचं नाही.

लक्षणं अशी. गाडी तीन दिवस उभी राहिली की सेल्फ फिरत नाही. इंजिन चालू असतानाही चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणता जळतो, पूर्ण विझत नाही. सकाळी पहिल्यांदा चालू करताना बेल्ट किंचाळतो. आणि अल्टरनेटरच्या बाजूने खर्रर्र असा आवाज येतो, रेस केली की वाढतो. माझ्याकडे मल्टिमीटर आहे आणि तो वापरता येतो. काय करू?

होटगीरोड
१७ मे, रात्री ११:४८

मला बी असाच त्रास होता की ओ. इंजिन ते बॉडीची अर्थची पट्टी (करंट बॅटरीकडं परत नेते ती) गंजली होती, तेवढी बदलली आणि गाडी सुतासारखी सरळ. आधी ती बघा. पण तुमचा तो खर्रर्र आवाज म्हणजे बेअरिंग, त्याला अर्थची पट्टी काही करणार नाही.

एसटी_वर्कशॉप
१८ मे, सकाळी ६:३५

एसटीच्या कार्यशाळेत तीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिशियन होतो, आता निवृत्त आहे. तुम्ही लक्षणं नीट लिहिलीत, त्यामुळे निम्मं काम झालं. पण अजून एकही नट सैल करू नका. अल्टरनेटर गाडीवर असताना जे कळतं ते तो टेबलावर आल्यावर कळत नाही.

उद्या सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, चावी न लावता आधी अल्टरनेटरच्या मागच्या बाजूला हात लावा. इंजिन थंड आणि तो मात्र कोमट असेल तर डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गळतोय. याला मीटरसुद्धा लागत नाही. मग बॅटरीवर व्होल्ट बघा. भरलेली असेल तर १२.६, निम्मी असेल तर १२.२ च्या आसपास. गाडी चालू करून साधारण २००० च्या फेऱ्यांना पुन्हा बघा. १३.८ ते १४.४ मिळायला हवेत. हेडलाइट लावल्यावरही १३.५ च्या खाली जाऊ नये.

यापुढची तपासणी फार कमी लोक करतात. हेडलाइट चालू ठेवा, इंजिन चालू ठेवा. मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरच्या बोल्टवर, दुसरी बॅटरीच्या पॉझिटिव्हच्या खांबावर. वायरवर नाही, शिशाच्या खांबावरच. जेवढे व्होल्ट दिसतील तेवढे वाटेत वाया जातायत. ०.३ पर्यंत चालतं. तसंच अल्टरनेटरचं अंग आणि बॅटरीचा निगेटिव्ह खांब यात ०.२ च्या वर नको. होटगीरोडवाले म्हणतात तो अर्थचा दोष इथं पकडला जातो.

मग मीटर एसी व्होल्टवर टाकून बॅटरीच्या दोन्ही खांबांवर लावा. अल्टरनेटरच्या आत एसीच तयार होते, डायोड ती डीसी करतात. बॅटरीवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसली तर एखादा डायोड गेला. स्वस्त मीटर इथं फसवतात, म्हणून पिना उलट करून पुन्हा बघा. एका बाजूने मोठा आकडा आणि दुसऱ्या बाजूने शून्य आला तर दोष मीटरचा.

शेवटी चावी बंद, दारं बंद, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि खांब व वायर यांच्यामध्ये मीटर १० अँपियरवर लावा. तुमच्या गाडीत घड्याळ किंवा टेप नसेल तर शून्य यायला हवा.

एक ताकीद. गाडी चालू असताना बॅटरीची वायर काढून "गाडी बंद पडते का" हे बघायची जुनी पद्धत आहे. ती डायनमोच्या काळातली, म्हणजे अल्टरनेटरच्या आधी बॅटरी भरायला जे यंत्र असायचं त्याच्या. अल्टरनेटरवर तसं केलं तर व्होल्टेज एकदम उसळतं आणि चांगले डायोड आणि रेग्युलेटरसुद्धा (व्होल्टेज आवरणारा भाग) जातात. कुणी करायला लागलं तर त्याचा हात धरा.

पद्मिनी_एमएच१३
१९ मे, सकाळी ९:१०

काका, तुम्ही सांगितलंत त्याच क्रमाने केलं.

पहाटे साडेपाचला हात लावला. आदल्या दिवशी गाडी चालूच केली नव्हती. इंजिनाचं लोखंड गार आणि अल्टरनेटरची मागची बाजू कोमट, दुधाचा पेला हातात धरावा इतपत. वडिलांना बोलावून त्यांचाही हात लावला. ते काही बोलले नाहीत, पण बराच वेळ हात तिथंच ठेवून उभे राहिले.

बॅटरी ११.९. शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंप देऊन चालू केली. २००० ला १३.१, हेडलाइट लावल्यावर १२.१. पॉझिटिव्हच्या वाटेत ०.६ व्होल्ट पडतात, अर्थच्या बाजूने ०.१. एसी ०.९, पिना उलट करूनही तेवढीच. चावी बंद असताना ०.४ अँपियर जातो आणि अल्टरनेटरची जाड वायर सोडवली की शून्य.

एसटी_वर्कशॉप
१९ मे, सकाळी १०:०५

निकाल लागला. पॉझिटिव्ह बाजूच्या डायोडपैकी एक उलटा करंट सोडतोय. बॅटरीतला करंट त्यातून मागं शिरतो आणि रोटरच्या (आत फिरणारा चुंबक) गुंडाळीतून अर्थ होतो. म्हणून ते कोमट. हिशेब करा. ०.४ अँपियर, तीन दिवस म्हणजे ७२ तास, जवळजवळ २९ अँपियर-आवर गेले. तुमची बॅटरी ३५ ची असेल तर उरलं काय? त्या दोन बॅटऱ्यांचा दोष नव्हता. सतत तळाला जाणारी बॅटरी नवी असली तरी टिकत नाही.

मिणमिणता दिवाही त्याचाच. त्या दिव्याचं काम समजून घ्या, कारण पुढं जोडताना लागेल. चावी लावली की बॅटरीतून या बल्बमधून थोडा करंट रोटरला जातो, त्यातून सुरुवातीचं चुंबकत्व येतं. अल्टरनेटर चालू झाला की बल्बच्या दोन्ही टोकांना सारखंच व्होल्टेज, म्हणून तो विझतो. दोन्हीकडं थोडा फरक राहिला की मिणमिणतो. हा बल्बच उडाला तर चांगला अल्टरनेटरही चार्ज करत नाही, आणि लोक अल्टरनेटर बदलत बसतात. त्या जागी एलईडी लावू नका, तो पुरेसा करंट जाऊ देत नाही.

०.६ चा वेगळा बघा. जाड वायरचं टोक गंजलं असणार.

आणि बेअरिंगचं काम पुढं ढकलू नका. तुमच्या गाडीत त्याच बेल्टवर पाण्याचा पंप आणि पंखा आहे. बेअरिंग जाम होऊन बेल्ट तुटला तर दिवे जातीलच, पण मे महिन्यात सोलापूरच्या रस्त्यावर इंजिन उकळायला पाच मिनिटंही लागणार नाहीत.

अँबी_मार्क३
१९ मे, दुपारी १:३०

मी पुण्यात असतो, माझ्या अँबॅसिडरला चार वर्षांपूर्वी मारुती ८०० चा अल्टरनेटर बसवला. प्रामाणिकपणे सांगतो, चांगला चालतो. सुटे भाग कुठंही मिळतात, रेग्युलेटर आतच असतो, सिग्नलला उभं राहिलं तरी दिवे मंद होत नाहीत.

पण तो बोल्ट काढून बोल्ट लावण्याचा प्रकार नाही. खालचा ब्रॅकेट जुळत नाही, वॉशर घालून पुलीची रेघ जमवावी लागते. माझ्या मेकॅनिकने नजरेने जमवली होती. दोन महिन्यांत बेल्टची एक कड झिजून दोरे निघाले. नंतर एक सरळ पट्टी तिन्ही पुल्यांवर धरून बघितली तर पाच मिलिमीटरचा फरक. मग लेथवरून मोजून बुश करून घेतला तेव्हा शांतता झाली. शिवाय जुनी चार्जिंगची वायर बारीक होती, ती बदलून ६ चौरस मिमीची टाकली.

तुमचं अंग आणि रोटर शाबूत असेल तर मी तुमच्या जागी असतो तर मूळचाच ठेवला असता. माझा डायनमो आधीच्या मालकाने विकून टाकला होता, म्हणून माझ्यापुढं पर्याय नव्हता.

होटगीरोड
१९ मे, दुपारी २:१५

पद्मिनीचं सामान आता कमी होत चाललंय हे ध्यानात घ्या. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला बंद झाली. टॅक्सी होत्या तोवर कुर्ल्याच्या भंगार बाजारात मूळचा माल मिळायचा. आता हातात आहे ते टाकू नका. मारुतीचा बसवला तरी जुना पोत्यात बांधून माळ्यावर ठेवा.

पद्मिनी_एमएच१३
२४ मे, रात्री १०:५०

उशीर झाला, पण आज दिवसभर तेच केलं. सविस्तर लिहितो, कुणाच्या तरी कामाला येईल.

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. अल्टरनेटरच्या मागचा जाड वायरचा बोल्ट चावी बंद असतानाही जिवंत असतो, त्याला पाना लागून बॉडीला टेकला तर ठिणगी पडते. त्या वायरचं टोक काढलं तर आत हिरवी बुरशी. दोन इंच वायर कापली तेव्हा कुठं लाल तांबं दिसलं. नवं लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) दाबून आणि वर कथील भरून बसवलं. तुमचे ०.६ तिथंच होते, काका.

प्रत्येक वायरला कागदी चिकटपट्टी लावून नाव लिहिलं. ताणाच्या पट्टीचा बोल्ट, मग खालचा लांब बोल्ट. खालचा अजिबात हलेना. गंजाचं तेल टाकून चहा घेतला, परत टाकलं, दुसरा चहा घेतला, मग निघाला.

दारातल्या कट्ट्यावर जुनी चादर पसरून उघडायला घेतला. खोलण्याआधी दोन्ही झाकणांवर आणि मधल्या स्टेटरवर (न फिरणारा, तारेच्या गुंडाळ्यांचा भाग) खिळ्याने एक सरळ रेघ ओढली, परत जोडताना चुकायला नको. पुलीचा नट सुटताना शाफ्ट फिरतो, म्हणून पुलीत जुना बेल्ट गुंडाळून तो शिकंजात धरला. पुली निघाली आणि शाफ्टमधली अर्धचंद्र चावी (पुली शाफ्टवर घसरू नये म्हणून असते ती) टुणकन उडाली. वडिलांनी ती कुंडीच्या मागून शोधून आणली आणि शर्टाच्या खिशात ठेवली, संध्याकाळी मागितली तेव्हाच दिली.

कार्बन (रोटरला करंट पोचवणारे ब्रश) बाहेरूनच दोन स्क्रूंवर निघतात. एक ४ मिमी उरला होता, दुसरा ६. ते ज्यावर घासतात त्या रोटरच्या स्लिप रिंगवर नख फिरवलं तर दोन चर लागत होते. पुढचं बेअरिंग (६२०३) हातात धरून फिरवलं तर वाळूत फिरवल्यासारखं. मागचं (६२०१) कोरडं, पण खडखड नाही.

मग जे दिसलं ते बघून वाईट वाटलं. रोटरच्या नखांवर एका बाजूला चकचकीत पट्टा पडला होता आणि स्टेटरच्या आतल्या पत्र्यावरही तेवढ्याच भागात निळसर चमक. म्हणजे बेअरिंग इतकं झिजलं होतं की रोटर स्टेटरला घासत होता. स्टेटरच्या तीन गुंडाळ्यांपैकी एक काळपट, वॉर्निश जळाल्याचा वास. बाकीच्या दोन अजून तांबूस.

बेअरिंग असं का गेलं ते वडिलांनीच सांगितलं. बेल्ट किंचाळतो म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यांनी एका गॅरेजमध्ये तो आवळून घेतला होता. तारेसारखा ताठ. आवाज थांबला, पण सगळा ओढा पुढच्या बेअरिंगवर आला.

रोटर मोजला. दोन रिंगांमध्ये ४.१ ओहम, रिंग ते शाफ्ट काहीच नाही. डायोड प्लेटवर एक डायोड दोन्ही बाजूंनी आकडा दाखवतो, तोच तो. काका, रोटर चांगला धरायचा ना? आणि स्टेटर भरून, म्हणजे नव्या तारेने गुंडाळून, मिळेल का कुठं?

एसटी_वर्कशॉप
२५ मे, सकाळी ६:२०

रोटर चांगला आहे. १२ व्होल्टच्या अल्टरनेटरला ३ ते ५ ओहम हवेत. रिंगा लेथवर अगदी हलक्या हाताने फिरवून घ्या, चर जाईपर्यंतच, मग बारीक पॉलिश पेपर. रिंग पातळ झाली की पुन्हा मिळत नाही.

डायोड सुटा बदलू नका, पूर्ण प्लेट घ्या. एक गळला म्हणजे बाकीच्यांनीही तीच उष्णता सोसली आहे. कथील लावताना डायोडची तार चिमट्याने धरा, म्हणजे गरमी चिमट्यात उतरते.

तुमच्या वडिलांनी बेल्ट आवळला तो आवाजामुळं. बेल्ट कडक होऊन गुळगुळीत झाला की कितीही आवळला तरी किंचाळतो. तेव्हा बेल्ट बदलायचा असतो. लांब बाजूच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर १० ते १२ मिमी खाली जायला हवा. सोलापूरच्या उन्हात रबर लवकर कडक होतं.

मागावरची
२५ मे, सकाळी ११:४०

बऱ्याच दिवसांपासून वाचते आहे, आज लिहिते. आमचं पूर्व भागात मोटर भरायचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. यंत्रमागाच्या मोटरी भरतच मी लहानाची मोठी झाले, आता भावाबरोबर मीही बसते.

दादा, स्टेटर भरून मिळेल, काळजी करू नका. अल्टरनेटरचा स्टेटर म्हणजे तीन फेजची स्टार जोडणीच आहे, मागाच्या मोटरीसारखी, फक्त लहान. ज्या गावात इतके माग चालले तिथं तो भरणारा हात मिळणारच. पण वायंडिंगवाल्याकडं नेण्याआधी तीन गोष्टी सांभाळा.

डायोड प्लेट सोडवून फक्त स्टेटर द्या. आमच्यात बरेच जण गुंडाळी तपासायला घरच्या लाइनवर सिरीज बल्ब लावतात. मागाच्या मोटरीला ते चालतं. डायोड जोडलेले असताना लावला तर सगळे एका झटक्यात जातात.

मल्टिमीटरने तिन्ही गुंडाळ्या मोजून "सारख्याच आहेत" म्हणून सोडू नका. त्यांचा रोध इतका कमी असतो की दोन वेढे आपसात चिकटले तरी साध्या मीटरला फरक दिसत नाही. तुमच्या डोळ्याला दिसलेला काळेपणा हाच खरा पुरावा. एकच फेज काळी पडली, कारण गळका डायोड त्याच फेजवर असणार. म्हणजे जुन्या प्लेटवर नवा स्टेटर बसवला तर तीच फेज पुन्हा जळेल.

आणि भरताना एकच फेज भरून घेऊ नका, तिन्ही भरा. जुने वेढे मोजून, तारेचा गेज मोजून, तेवढेच. "थोडी जाड तार टाकू का, जास्त करंट येईल" असं कुणी म्हटलं तर नको म्हणा. खाचेत जागा तेवढीच, जाड तार टाकली तर वेढे कमी बसतात आणि कमी फेऱ्यांना चार्जिंग येत नाही. इंजिनाजवळची उष्णता लक्षात घेऊन जास्त तापमानाची एनॅमल तार मागा. वॉर्निशमध्ये बुडवल्यावर भट्टीत नीट सुकवायला सांगा. नुसतं उन्हात ठेवलं तर आतलं ओलं राहतं.

पद्मिनी_एमएच१३
२५ मे, दुपारी १२:१५

ताई, फार आभार. एकच फेज काळी का, याचं उत्तर मी कालपासून शोधत होतो. तिन्ही भरून घेतो.

बार्शीकर
२५ मे, रात्री ९:३०

मध्येच विचारतो, माफ करा. माझ्याकडं १९६८ ची फियाट ११०० डिलाइट आहे, अजून डायनमोवर. सिग्नलला किंवा फाटकाला उभं राहिलं की दिवे मंद होतात, लाल दिवा लागतो. अल्टरनेटर बसवावा का?

एसटी_वर्कशॉप
२६ मे, सकाळी ६:४५

बार्शीकर, तो दोष नाही, डायनमोचा स्वभाव आहे. कमी फेऱ्यांना तो बॅटरीपेक्षा जास्त व्होल्टेज देऊच शकत नाही. तेव्हा बॅटरीतला करंट उलटा त्याच्यात जाऊ नये म्हणून कटआऊट त्याला तोडतो आणि दिवे एकट्या बॅटरीवर चालतात. गाडी हलली की परत जोडतो.

बदलायचा की नाही हे तुम्ही गाडी कधी चालवता त्यावर ठरवा. डायनमो त्या काळात २० ते २२ अँपियरचा असायचा. तुमचे दोन हेडलाइट ५५ वॅटचे धरले तर ११० वॅट, म्हणजे ९ अँपियर. मागचे आणि डॅशचे दिवे २, इग्निशन ३ ते ४, पावसात वायपर ३. सतरा-अठरा झाले, बॅटरी भरायला फारसं काही उरत नाही. दिवसा, कोरड्या हवेत फिरत असाल तर डायनमो ठेवा. कम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात ते तांब्याचं नळकांडं) साफ, कार्बन पूर्ण लांबीचे आणि कटआऊटचे पॉइंट स्वच्छ असले तर तो तुम्हाला दगा देणार नाही. डायनमो खोलून परत बसवला की त्याच्या फील्डला बॅटरीचा क्षणभर स्पर्श देऊन ध्रुव ठरवून घ्यायचा, हे विसरू नका.

रात्री लांबचा प्रवास असेल तर अल्टरनेटर घ्या. पण मग जुना कटआऊट वायरिंगमधून पूर्ण बाहेर काढा, जाड वायर नवी ओढा, आणि डॅशवर अँपियरमीटर असेल तर अल्टरनेटरचा पूर्ण करंट त्यातून नेऊ नका. तो २०-३० अँपियरसाठी केलेला असतो, तापला तर डॅशमागची वायर वितळते. अर्थ कोणता आहे तेही आधी बघा. जुन्या ब्रिटिश धाटणीच्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असायचा, तुमच्या फियाटमध्ये निगेटिव्ह असतो. पण मधल्या काळात कुणी काय केलं असेल सांगता येत नाही, म्हणून स्वतः खात्री करा.

पद्मिनी_एमएच१३
७ जून, रात्री ९:५५

मंडळी, गाडी चालू झाली.

स्टेटर पाच दिवसांनी भरून आला, वॉर्निशचा गोड वास अजून येत होता. रिंगा लेथवर फिरवल्या, चर गेले. नवी बेअरिंगं दोन्ही दोन्हीकडून सील असलेली घेतली. पुढचं झाकणात बसवताना त्याच मापाचा जुना सॉकेट बाहेरच्या रिंगवर ठेवून दाबलं, शाफ्टवर जाताना आतल्या रिंगवर पाइप ठेवून. मधल्या गोळ्यांवर भार येऊ दिला नाही. जोडून झाल्यावर पुली हाताने फिरवली तर कसलाच आवाज नाही, फक्त नव्या कार्बनची हलकी सरसर.

नवा बेल्ट टाकला. ताण देताना लाकडी दांडा पुढच्या झाकणापाशी टेकवून ओढलं, स्टेटरवर किंवा मागच्या झाकणावर नाही. अंगठ्याने दाबून पट्टीने मोजलं, ११ मिमी. अँबीवाल्यांनी सांगितल्याप्रमाणे तिन्ही पुल्यांवर सरळ पट्टी धरली, रेघ जुळली.

आता आकडे. चावी लावली, लाल दिवा लख्ख. चालू केली, विझला. पूर्ण विझला. हात आडवा धरून अंधार करून बघितलं, तरी काही नाही. नुसत्या आयडलला १३.७, २००० ला १४.२. हेडलाइट, वायपर, हॉर्न सगळं लावून १३.६. तासभर चालवून गरम झाल्यावर १३.९. एसी ०.०४. पॉझिटिव्हच्या वाटेत ०.१५. चावी बंद असताना गळती शून्य. पाच दिवस गाडी मुद्दाम उभी ठेवली, काल सकाळी बॅटरी १२.५ आणि सेल्फ पहिल्या झटक्याला.

खर्च: बेअरिंगची जोडी ४८०, कार्बन १५०, डायोड प्लेट ६५०, लेथ १५०, स्टेटर भरणं ९००, बेल्ट ३५०. एकूण २,६८०. गेल्या दोन बॅटऱ्यांपैकी एकीलाही यापेक्षा जास्त लागले होते.

काल संध्याकाळी आईवडिलांना घेऊन तुळजापूरला गेलो. मुद्दाम अंधार पडल्यावर परत निघालो. घाट उतरताना पाऊस आला, वळवाचा, जोराचा. वायपर पूर्ण वेगात, दिवे वरच्या बीमवर. पांढरा उजेड पुढच्या वळणाच्या कठड्यापर्यंत स्पष्ट पडत होता. वडील सगळा वेळ रस्त्याकडं न बघता डॅशवरच्या त्या लाल दिव्याच्या जागेकडं बघत बसले होते. घाट संपल्यावर मागून आईने विचारलं, "दिवे ठीक आहेत ना रे?" वडिलांनीच उत्तर दिलं, "ठीक आहेत."

एसटी_वर्कशॉप
८ जून, सकाळी ६:३०

वाचून फार समाधान वाटलं. नवा बेल्ट पहिल्या ३०० किलोमीटरमध्ये थोडा ताणला जातो, तेव्हा परत मोजा. तुळजापूर जाऊन-येऊन ९० झालेच. वडील दर रविवारी पाणी बघतातच, आता त्याच वेळी बेल्टला अंगठाही लावत जायला सांगा.

मागावरची
८ जून, दुपारी १:०५

आकडे बघून भावालाही दाखवले. सहा महिन्यांनी एकदा एसीचा आकडा परत घ्या आणि ०.०४ च्या शेजारी लिहून ठेवा. वाढत गेला तर डायोड आधीच कळेल.

बार्शीकर
८ जून, रात्री ८:४०

काकांनी सांगितल्याप्रमाणे डायनमो ठेवायचं ठरवलंय, मी रात्री चालवत नाही. पण कटआऊटचे पॉइंट काळे पडलेत आणि मला हात लावायची भीती वाटते. पद्मिनीवाले, तुम्ही बार्शीकडं येता का कधी?

पद्मिनी_एमएच१३
८ जून, रात्री ९:१५

पुढच्या रविवारी भगवंताच्या दर्शनाला येतोच आहे, पद्मिनीनेच. मीटर आणि पॉइंट घासायची बारीक कानस आणतो. काका, तुम्हाला यायचं असेल तर पुढची सीट तुमची. वडील मागं बसायला तयार आहेत, विचारून ठेवलंय.